माणसे अल्पसंख्याक, प्रश्न बहुसंख्याक

भारतीय कायद्यातील ‘अल्पसंख्याक’ हा दर्जा केंद्र सरकारच्या अधिसूचनेने मिळतो. 1992 च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्याच्या आधारे 23 ऑक्टोबर 1993 रोजी मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी या पाच समाजांना तो लाभला आणि 2014 मध्ये जैन समाजाची त्यांत भर पडली. मात्र या दर्जाबरोबर अंगावर येणाऱ्या कामांची यादी अधिसूचनेत दिलेली नसल्यामुळे ती ज्याची त्याला अनुभवानेच तयार करावी लागते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे 10 लाख 80 हजार, म्हणजे शेकडा एकाहून किंचित कमी भरली. त्यांतले बरेचसे लोक मुंबई, वसई, पुणे आणि अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) या भागांत एकवटलेले असल्यामुळे, निर्गुडा नदीच्या काठी वसलेल्या आणि त्याच जनगणनेत 58 हजारांच्या घरात असलेल्या वणी शहराच्या वाट्याला त्यांतली मोजकीच घरे येतात. संख्या घटली की प्रत्येक माणसाच्या वाट्याचे प्रतिनिधित्व वाढते, हा यातला गणिती भाग होय. वांद्र्याचा ख्रिस्ती हा नुसता शेजारी असतो. वणीचा ख्रिस्ती हा पोपचा प्रवक्ता, गोव्याचा पर्यटन मार्गदर्शक, केरळच्या समस्त परिचारिकांचा नातलग आणि कॉन्व्हेंट शाळेतील प्रवेशाचा मध्यस्थ अशा चार पदांवर एकाच वेळी आणि बिनपगारी काम करीत असतो.

वणीला स्वतःला बाजूला सारले जाण्याचा अनुभव नाही, असे म्हणता येणार नाही. वणी ज्यात मोडते तो वऱ्हाडचा जिल्हा एकेकाळी ‘वून’ म्हणजे वणीच्या नावाने ओळखला जाई. 1905 मध्ये त्याला यवतमाळचे नाव मिळाले आणि वणी तालुक्याचे गाव होऊन राहिले. या जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळ्या (एका ठिकाणी उपासनेला जमणाऱ्या समुदायाला मराठी ख्रिस्ती लोक ‘मंडळी’ म्हणतात) प्रामुख्याने अमेरिकेतून आलेल्या फ्री मेथडिस्ट मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या. हा पंथ 1860 मध्ये न्यूयॉर्क राज्यात मूळ मेथडिस्ट चर्चपासून वेगळा निघाला आणि त्याच्या तक्रारींपैकी एक तक्रार अशी होती की, चर्चमधील चांगली बाके श्रीमंतांना भाड्याने दिली जातात व गरिबाला मागे बसावे लागते. ज्या पुढच्या जागांसाठी अमेरिकेत एवढा मोठा तात्त्विक वाद पेटला, त्या जागा विदर्भातील मंडळ्यांत दर रविवारी पूर्णपणे विनामूल्य उपलब्ध असूनही रिकाम्या राहतात आणि पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, तीनदा विनंती केल्यावरही लोक पंख्याखालच्या व दाराजवळच्या जागाच धरून बसतात, ही पंथाच्या संस्थापकांना न सुचलेली परिणती म्हटली पाहिजे.

याच जिल्ह्यात 1953 मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळक घडविणारी संस्था यवतमाळला सुरू झाली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतील तरुण ईश्वरविज्ञान शिकण्यासाठी तेथे येऊ लागले. तीस वर्षांनी, 1983 मध्ये, ती संस्था पुण्याला गेली. विदर्भात वाढलेले हुशार मूल शेवटी पुण्यालाच जाते, हा नियम धर्मशिक्षणालाही लागू पडतो, एवढाच निष्कर्ष त्यातून काढता येतो. पांढरकवड्याजवळच्या उमरीचा मिशन दवाखाना मात्र जागचा हलला नाही, म्हणून या भागातील जुन्या पिढीच्या मनात ‘मिशन’ या गोष्टीचा संबंध स्वर्गापेक्षा बाळंतपणाशी अधिक जोडलेला आहे.

वणीतील ख्रिस्ती माणसाची पहिली परीक्षा नावापाशी होते. शमुवेल, दानिएल, रूथ, एस्तेर यांसारखी जुन्या करारातील, म्हणजे बायबलच्या पूर्वार्धातील, नावे आणि त्यांच्यापुढे अस्सल वऱ्हाडी आडनाव, असा जोड ऐकला की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि मग उलगडा झाल्यासारखे म्हणतो, “म्हणजे घरी इंग्लिशच बोलत असाल नं!” या समजाला उत्तर देणे अवघड आहे, कारण वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. मराठीतील ‘ख्रिस्तपुराण’ फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये छापले, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 मध्ये अहमदनगरला सुरू झाले, पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती ‘यमुनापर्यटन’ बाबा पदमनजींनी 1857 मध्ये लिहिली आणि पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. परिणामी नियमितपणे पवित्र शास्त्र वाचणाऱ्या ख्रिस्ती आजीबाईंची मराठी इतकी जुन्या वळणाची असते की, वणीच्या बाजारात त्या भावाची घासाघीस करू लागल्या की भाजीवाल्याला आपला न्यायनिवाडा चालल्याचा भास व्हावा. त्यांच्या नातवाला इंग्रजीत काठावरचे गुण मिळाले की वर्गशिक्षकांना मनापासून आश्चर्य वाटते आणि गणितात मिळाले तर मुळीच वाटत नाही.

नावाच्या या घोळात टिळकांचा घोळ विशेष उल्लेखनीय आहे. वणी हे लोकनायक बापूजी अणे यांचे जन्मगाव. त्यांनी लोकमान्यांच्या जीवनावर संस्कृत महाकाव्य रचले आणि गावातील महाविद्यालयही लोकमान्य टिळकांच्याच नावाचे आहे. अशा गावात एखादा ख्रिस्ती गृहस्थ “आमच्याकडे रविवारी टिळकांची भजने म्हणतात,” असे सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पगडी, उपरणे आणि सिंहगर्जना उभी राहते. ज्यांच्याविषयी बोलणे चालले आहे ते रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861-1919) असून ते मूळचे कोकणातले, काही काळ नागपूरला राहिलेले आणि 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले कवी होते, हे स्पष्ट करेपर्यंत चहा निवतो. त्यांच्या भजनांना पेटी आणि तबल्याचीच साथ असते, हे कळल्यावर तर ऐकणाऱ्याची निराशा आणखी वाढते, कारण त्याने चित्रपटांवरून गिटारची तयारी ठेवलेली असते.

मात्र श्रद्धेची खरी कसोटी प्रसादाच्या वेळी लागते आणि येथे थेट संत पौल या आद्य ख्रिस्ती धर्मप्रचारकापासून सुरुवात करावी लागते. पहिल्या शतकात ग्रीसमधील करिंथ शहरात मूठभर ख्रिस्ती लोक बहुसंख्य मूर्तिपूजकांत राहत असत आणि मूर्तीला वाहिलेले अन्न खावे की नाही, या प्रश्नावरून त्यांच्यात तंटे होत. पौलाने त्यांना लिहिलेल्या पत्रात दिलेला सल्ला व्यवहारी होता. बाजारात जे मिळते ते चौकशी न करता खावे; मूर्तीमुळे अन्नात काही फरक पडत नाही; परंतु ते वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नये आणि आपल्या मोकळेपणामुळे दुबळ्या श्रद्धेचा भाऊ अडखळेल असेही वागू नये. या सल्ल्याचा सगळा भार ‘चौकशी करू नये’ यावर आहे. करिंथमध्ये तो चालून गेला असेल. वणीत चालत नाही, कारण वणीत प्रसाद मुकाट्याने देण्याची रीतच नाही. शेजारच्या काकू वाटी हातात देण्याआधीच तो कोणत्या देवाचा आहे, पूजा किती वाजता झाली, गुरुजी किती उशिरा आले आणि शिऱ्यात तूप घरचे आहे, हा संपूर्ण तपशील उभ्या उभ्या सांगतात. चौकशी न करण्याची पौलाने दिलेली मुभा अशा रीतीने उंबऱ्यावरच निकालात निघते.

यावर स्थानिक ख्रिस्ती समाजाने काढलेल्या तोडग्यांना संप्रदाय म्हणावे इतपत परंपरा लाभलेली आहे. एक पक्ष वाटी दोन्ही हातांनी आदराने घेतो, ती स्वयंपाकघरात ठेवतो आणि पुढे तिचे काय होते याविषयी मौन पाळतो. दुसरा पक्ष पौलाच्या सल्ल्याच्या पूर्वार्धावर भिस्त ठेवून शिरा हा शिरा म्हणूनच खातो व वर आणखी मागतो. तिसरा आणि दिवसेंदिवस वाढत चाललेला पक्ष “शुगर आहे हो काकू,” असे सांगतो. मधुमेहाने दोन हजार वर्षांचा धर्मशास्त्रीय पेच किती सहज सोडविला, याकडे वैद्यकशास्त्राचे अजून लक्ष गेलेले दिसत नाही. या उत्तराची एकमेव अडचण अशी की, नाताळात त्याच गृहस्थाला करंजी खाताना काकूंनी पाहता कामा नये. हा प्रश्न एकाच बाजूचा आहे, असे मात्र मानू नये. रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये सोवळ्याओवळ्याचे बंध आपल्या मनातून कसकसे सुटत गेले, ते इतक्या हसत्या प्रामाणिकपणे लिहिले आहे की, पतीच्या धर्मांतरानंतर ख्रिस्ती स्वयंपाकघराची वाटणारी धास्ती वाचताना वाचकाला आपल्याच आजीची आठवण व्हावी. मराठी ख्रिस्ती विनोदाचे मूळ पीठ तेच पुस्तक होय आणि या विषयावर त्यानंतर लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते अडचणीत टाकते.

प्रसादानंतर वर्गणी. गणेशोत्सव, दुर्गोत्सव, जयंत्या, रंगनाथ स्वामींची यात्रा असा वर्षभराचा क्रम असल्यामुळे पावतीपुस्तके वर्षभर फिरत असतात. ख्रिस्ती गृहस्थ सहसा वर्गणी देतो. पावतीवर आपले बायबलमधील नाव तीन निरनिराळ्या प्रकारे चुकलेले पाहतो आणि त्याची फाईल करून ठेवतो. अडचण होते ती ‘दशांश’ ही प्रथा कार्यकर्त्यांना कळल्यावर. उत्पन्नाचा दहावा भाग देवकार्यासाठी काढून ठेवावा, अशी ही बायबलमधील जुनी शिकवण असून ती पाळणारा माणूस आधीच इतके टक्के देत असेल तर मंडळासाठी त्यात थोडी वाढ करणे त्याला जड जाऊ नये, असा युक्तिवाद होतो. तो तर्कदृष्ट्या खोडून काढणे सोपे नाही.

वणीच्या ख्रिस्ती जीवनाला कोळशाचाही एक अध्याय आहे. शहराभोवती वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडच्या, म्हणजे वर्तमानपत्री मराठीतील ‘वेकोलि’च्या, उघड्या खाणी आहेत आणि तेथे काम पाळ्यांमध्ये चालते. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय तेथे आहे, ते उपदेशाइतकेच दगडांतही रमत आणि एका खनिजाला त्यांचे नाव मिळाले. तेव्हा विदर्भात धर्म आणि भूगर्भ यांची गाठ जुनीच आहे. तरीही हिस्लॉपसाहेबांना ‘संडे ड्यूटी’चा प्रश्न सोडवावा लागला नव्हता. कोळसा उद्योगात साप्ताहिक सुटीच्या दिवशी केलेल्या कामाला दुप्पट वेतन मिळते आणि विश्रांतीचा दिवस पवित्र पाळावा ही आज्ञा बायबलमधील दहा आज्ञांपैकी चौथी आहे. (रोमन कॅथलिक मोजणीत ती तिसरी येते, परंतु दुप्पट वेतनापुढे हा क्रमांकाचा वाद कोणीही उकरून काढत नाही.) संडे ड्यूटी मिळावी म्हणून इतर कामगार खटपट करतात आणि ख्रिस्ती कामगाराने ती नाकारावी, अशी त्याच्या सासूची अपेक्षा असते. अशा वेळी शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी खड्ड्यात पडलेले मेंढरू बाहेर काढणार की नाही, असा येशूने विचारलेला प्रश्न काहींना आठवतो. मेंढरू खड्ड्यात पडलेले होते आणि कामगार पगारासाठी स्वतःहून खाणीत उतरतो, हा फरक पाळकसाहेब सौम्यपणे दाखवून देतात. पण मंडळीच्या छताचे पत्रे बदलण्यासाठी जमलेल्या देणगीतला मोठा हिस्सा रविवारच्या पाळ्यांतूनच आलेला असल्याने तेही फार खोलात जात नाहीत.

पंचांगाच्या बाबतीत एक योगायोग सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नाताळ 25 डिसेंबरला ठरलेला असतो, पण ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, चंद्रावर चालतो. तो सर्वांनी एकाच दिवशी पाळावा, असे इ. स. 325 च्या निकिया परिषदेत ठरले आणि पुढे रूढ झालेल्या नियमानुसार 21 मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी तो येतो. याचाच अर्थ होळीची किंवा हनुमान जयंतीची पौर्णिमा आणि गुड फ्रायडे एकमेकांच्या आसपास असतात. 2023 मध्ये हनुमान जयंती 6 एप्रिलला आणि गुड फ्रायडे दुसऱ्याच दिवशी होता. इतका मिळताजुळता हिशेब असूनही शेजाऱ्यांना ईस्टर लक्षात राहत नाही, कारण तो कायम रविवारी येत असल्याने त्याची वेगळी सुटी मिळत नाही आणि ज्या सणाची सुटी नाही तो सण भारतीय मनाला पटत नाही. गुड फ्रायडेची सुटी मात्र मिळते, त्यामुळे त्या दिवशी सकाळपासून शुभेच्छा येऊ लागतात. येशूला वधस्तंभावर खिळल्याचा हा दिवस शोकाचा आहे, हे दरवर्षी नव्याने समजावून सांगितले जाते आणि पुढच्या वर्षी नव्याने ‘हॅपी’ येते. अनुभवी ख्रिस्ती माणूस आता नुसते “धन्यवाद” म्हणतो.

त्या दिवशीची उपासना दुपारी बारा ते तीन चालते, कारण शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांत, याच वेळी देशावर अंधार पडल्याचे सांगितले आहे. वधस्तंभावरून येशूने काढलेल्या सात उद्गारांवर एकामागून एक सात उपदेश होतात. यरुशलेममध्ये या वेळी अंधार पडला असेल. वणीत एप्रिलमध्ये बारा ते तीन या वेळेत जे पडते ते अंधाराच्या अगदी विरुद्ध असते. कूलर सुरू ठेवला तर चौथा उद्गार ऐकू येत नाही आणि बंद ठेवला तर पाचवा, जो तहानेविषयी आहे, त्याचे स्पष्टीकरण करण्याची गरज उरत नाही. मधूनच वीज गेली की मागच्या सतरंजीवरील कोणीतरी उठून कूलरच्या ताट्यांवर तांब्याने पाणी मारून येते आणि या कृतीला उपासनेच्या पुस्तकात जागा नसली तरी तिच्याइतकी मनापासून केलेली सेवा त्या तीन तासांत दुसरी नसते.

विनोदाचा सूर जेथे आपोआप उतरतो, असाही एक प्रश्न आहे. “धर्म बदलायचे किती मिळाले होते?” हे वाक्य थट्टेत विचारले जाते आणि उत्तराची अपेक्षा मात्र गांभीर्याने ठेवली जाते. तिसऱ्या-चौथ्या पिढीतील ख्रिस्ती माणसाला आजोबांच्या पेटीत तशी पावती सापडलेली नसते. हिशेबच मांडायचा तर कायदा समोर आहे. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशानुसार या जातींना मिळणाऱ्या सवलती आधी हिंदूंपुरत्या होत्या, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यांत आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे अनुसूचित जातीतील ज्या कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याने त्या आरक्षणावर पाणी सोडले. एवढा उघड तोट्याचा व्यवहार पैशासाठी केला असे म्हणणे, हे संबंधितांच्या श्रद्धेपेक्षा त्यांच्या अंकगणितावर घेतलेला आक्षेप ठरते. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. पण घरात चार माणसे जमून मोठ्याने प्रार्थना करू लागली की खिडकी लावून घ्यावी की उघडी ठेवावी, याचा विचार अलीकडे वणीतही होतो आणि त्या विचारात हसण्यासारखे काही नाही.

लग्नात मात्र पुन्हा हसायला जागा आहे. हळद, मांडव, बँड आणि रुसलेले काका हे सर्व ख्रिस्ती लग्नातही यथास्थित असतात, फक्त मुहूर्त नसतो. सवयीने हातात अक्षता घेऊन आलेले पाहुणे पाळकांच्या उपदेशाकडे लक्ष देऊन ‘सावधान’ केव्हा येते याची वाट पाहत राहतात. ते येत नाही. उपदेश पती-पत्नीच्या कर्तव्यांवरून आदाम-हव्वेकडे आणि तेथून पुन्हा कर्तव्यांकडे वळतो, तांदूळ मुठीत घामाने ओले होतात आणि अखेर अंगठ्या घातल्या जाताच कोणीतरी धीर करून पहिली मूठ फेकतो. मागोमाग सगळ्यांच्याच मुठी सुटतात. पाळकसाहेब टाळूवरचे तांदूळ झटकतात आणि पुढची प्रार्थना सुरू करतात.

नाताळात प्रकरण अधिक सोपे होते. वणीच्या परिसरात डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस आणि बोचरी थंडी. ख्रिस्ती घरांवर चांदणीच्या आकाराचा कंदील लागतो आणि आत करंज्या, चकल्या, शेव आणि अनारसे तयार होतात. मराठी ख्रिस्ती घरांतला नाताळचा फराळ हा दिवाळीच्या फराळाचाच सख्खा भाऊ असून त्याची कृती, मोहनाचे प्रमाण आणि करंजी फुटल्यावर सुनेला ऐकावे लागणारे शब्द यांत धर्मपरत्वे फरक आढळत नाही. शेजारी मात्र केकच्या आशेने आलेले असतात; दोन महिन्यांपूर्वी आपण स्वतः पोहोचविलेल्या ताटासारखेच ताट समोर आलेले पाहून त्यांचा चेहरा पडतो आणि यजमानीण ते ओळखून दरवर्षी बाजारातून एक केक आणून ठेवते, जो तिच्या घरात कोणालाही फारसा आवडत नाही. तरी वणीच्या वाचकांना एवढीच विनंती आहे की, येत्या 25 डिसेंबरला ओळखीच्या ख्रिस्ती घरी जरूर जावे, केकची चौकशी करू नये आणि करंजी दुसऱ्यांदा मागून घ्यावी.